थोडं थोडं, वारंवार सोडा

राऊतबाईंना कुणी 'मॅडम' म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या. मागे कुणी नसायचं. मग म्हणायच्या, "मॅडम आज आलेल्या नाहीत. मी बाई आहे, माझ्याशी बोला." दोन हजार चौदाच्या जूनमध्ये त्या आमच्या तलासरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला आल्या आणि पहिल्याच दिवशी हा प्रकार त्यांनी थेट प्राचार्यांवर केला. प्राचार्य बिचारे स्वागताचं बोलत होते. दारात खरंच आणखी कुणी आलंय असं वाटून त्यांनीही वाकून पाहिलं. मी शेजारी उभा होतो. ह्या बाईंशी आपलं पटणार, असं मला तिथेच वाटलं.

मी मराठी शिकवतो. बाईंनी माझं नाव पुढे एकदाही घेतलं नाही. "अहो मराठी" हीच हाक. आम्ही दोघं डहाणूचे, सकाळच्या एकाच एसटीनं जायचो, त्यामुळे ही हाक मला भर गाडीत ऐकावी लागे. नवीन कंडक्टरला वाटायचं, माझं आडनावच मराठी आहे.

त्यांचं पूर्ण चरित्र मला ठाऊक नाही. मुंबईत एम.एस्सी. झाली, तिथं काही वर्षं कुठल्या प्रयोगशाळेत काढली, मग परत आल्या. का आल्या हे विचारलं तर म्हणायच्या, "गाडी मिळाली." लग्न केलं नव्हतं. उंची बेताची, आवाज त्या उंचीला न शोभणारा, आणि रागावल्या की 'मला'चं 'मना' व्हायचं. 'मना' ऐकलं की शहाण्या माणसानं वर्तमानपत्र तोंडापुढे धरावं, एवढं स्टाफरूममध्ये सगळे पहिल्या वर्षीच शिकले.

आणि टकटक. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून त्याच्या पेरानं त्या दिसेल त्यावर दोनदा वाजवायच्या. टेबलावर, फळ्यावर, एसटीच्या खिडकीच्या गजावर, बाजारात कलिंगडावर, माझ्या डब्याच्या झाकणावर. काही बोलायच्या आधी टकटक, आणि बोलून झाल्यावर समोरचा गप्प राहिला तर पुन्हा टकटक. पोरांनी त्यांचं नाव टकटकबाई ठेवलं होतं. ते त्यांना कळल्यावर त्यांनी वर्गात विचारलं, "कुणी ठेवलं? चांगलं आहे. परीक्षेत लिहू नका फक्त."

ही सवय वडिलांकडून आलेली. चिंचणीच्या बाजूला एका गावात त्यांचे वडील माडी काढायचे. माडाला फुलोऱ्याची बंद पोय येते. ती दोरीनं बांधायची आणि रोज वर चढून काठीनं हलक्या हातानं ठोकायची. सुरुवातीला बरेच दिवस काहीच होत नाही. मग एक दिवस टोक कापलं की रस पाझरतो, आणि एकदा सुरू झाला की रोज पाझरतो. बाई लहानपणी खाली बसून तो ठोक ऐकायच्या. "काठी तीच, ठोकणारा तोच, ठोकाही तेवढाच," त्या सांगायच्या. "बदललेली असते ती पोय." हे त्या इतक्यांदा सांगायच्या की मी एकदा चिडून म्हटलं, बाई, हे माझं पाठ झालंय. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "बघा."

बाईंचं जन्माचं भांडण एका वाक्याशी होतं. 'ह्याच्या डोक्यात शिरत नाही.' आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य चहाबरोबर यायचं. पाड्यांवरून चालत, जीपला लोंबकळत येणारी पोरं, घरी एक भाषा, बाजारात दुसरी, पुस्तकात तिसरी. ती गप्प बसली की निकाल तयार. आमचे प्राचार्य मनानं वाईट नव्हते, पण हे वाक्य त्यांचं फार लाडकं होतं. बाई टेबलावर टकटक करायच्या आणि विचारायच्या, "शिरायला डोकं म्हणजे काय बरणी आहे? आत काही शिरत नसतं. डोकं बदलतं. बदलायला वेळ लागतो. तुम्ही दिलाय का?" प्राचार्य म्हणायचे, मॅडम, तसं नव्हे. बाई मागे वळून बघायच्या.

वर्गात त्यांनी "समजलं का?" असं कधीच विचारलं नाही. त्या म्हणायच्या, आज समजलेलं खरं नसतं, उद्या विचारीन. आणि खरंच उद्या विचारायच्या. परवा विचारायच्या, आठवड्यानं पुन्हा विचारायच्या. ही खोड वर्गापुरती असती तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण सोमवारी त्या मला एसटीत विचारायच्या, "अहो मराठी, शुक्रवारी मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" शुक्रवारी त्यांनी सांगितलेलं असायचं की आशागडला भेंडी स्वस्त आहे. ते आठवलं नाही तर त्यांचा चेहरा असा पडायचा की पुढच्या आठवड्यात मी भेंडीचा भावसुद्धा लक्षात ठेवू लागलो.

सुनंदा ह्याच बाईंच्या वर्गात होती. तिच्या पाड्यावरून विज्ञान शाखेला आलेली ती पहिलीच मुलगी, आणि अकरावीचे पहिले कितीतरी महिने ती वर्गात एक अक्षर बोलली नाही. प्राचार्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "हिच्या डोक्यात शिरत नाही हो. कला शाखेला पाठवून द्या." म्हणजे माझ्याकडे. मी तिथेच बसलो होतो, आणि माझ्या शाखेबद्दल संस्थेचं मत काय आहे हे मला अनायासे कळलं. बाई प्राचार्यांना म्हणाल्या, "पाठवते. ती मला नको म्हणाली की पाठवते. आधी बोलू तर द्या तिला."

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या शेजारच्या वर्गात असा गोंधळ सुरू झाला की मला कविता थांबवावी लागली. मी तावातावानं बाहेर आलो. अर्धा वर्ग व्हरांड्यात, अर्धा आत. खोलीला दोन दारं होती. एक नुसतं लोटलेलं, दुसऱ्याला आतून लाकडी अडसर. बाई मधे उभ्या.

"बाहेरची ही हाक मारणारी पेशी, आतली ही ऐकणारी," त्या ओरडून सांगत होत्या. "मेंदूतली एक पेशी दुसरीला हाक मारते म्हणजे तोंडानं नाही. दोघींच्या मधल्या फटीत चिमूटभर द्रव्य सोडते. उत्तेजक द्रव्य. नाव ग्लुटामेट. तुमच्या हातातला खडू म्हणजे ग्लुटामेट. सोडा!"

बाहेरच्यांनी खडूचे तुकडे दारांवर मारले. पहिल्या दाराला खडू लागला की ते उघडायचं आणि बाहेरची दोन-तीन पोरं आत घुसायची. त्यांचं नाव सोडियम. दुसऱ्या दाराशी बाईंनी सुनंदाला बसवलं होतं, अडसर तिच्या हातात. अडसराचं नाव मॅग्नेशियम. तिला बजावलं होतं, नुसता खडू लागला म्हणून अडसर काढायचा नाही. पहिल्या दारानं पुरेशी पोरं घुसून आत गलबला झाला, आतली पेशी जागी झाली, आणि नेमका त्याच वेळी बाहेरून खडूही लागला, तरच काढायचा. त्या दारानं जो आत येणार त्याचं नाव कॅल्शियम. आणि त्याचं काम एकच, आत आल्याबरोबर खोलीची एक खिडकी उघडून टाकायची.

"दारं मिटतील," बाई म्हणाल्या. "खिडकी उघडी राहील. पुढच्या वेळी बाहेरून तेवढाच खडू मारा, आत जास्त पोरं येतील. हाक तेवढीच, उत्तर मोठं. आणि हे घटकाभराचं नाही, हे टिकतं. ह्याला शिकणं म्हणतात. पुन्हा!"

सुरुवातीला सुनंदा गोंधळली. नुसत्या खडूला अडसर काढला, मग गलबला असूनही बसून राहिली. पुन्हा, पुन्हा. एकदा तिला बरोबर जमलं, कॅल्शियम झालेला मुलगा धडपडत आत आला आणि खिडकी उघडताना तिचं एक तावदान त्यानं फोडलं. मी तक्रार न करता परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, काल काय झालं? आणि चक्क सुनंदा उठली. "बाय, भायेरून कितीपन खडू मारा. आतली निजलेली असतील त मी अडसर नाय काडनार." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर टकटक केलं आणि म्हणाल्या, "हेच आता शेजारच्या मराठीच्या सरांना जाऊन सांग." ती आली, माझ्या पूर्ण वर्गासमोर तिनं पहिल्या दारापासून खिडकीपर्यंत सगळं सांगितलं. त्या दिवसापासून ती गप्प बसलेली मी पाहिली नाही. क्वचित ती गप्प बसावी असंही वाटायचं.

आता त्या रविवारची गोष्ट. सुनंदा तेव्हा बारावीला होती आणि दिवाळी तोंडावर आली होती. शनिवारी बाईंनी हाच धडा बारावीला पुन्हा शिकवला. फळ्यावर मोठा माड काढला, पोय काढली, खाली मडकं लटकवलं, आणि शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं:

उत्तेजक द्रव्य
थोडं थोडं, वारंवार सोडा!
परिणाम टिकतो.

फळा त्या पुसायच्या नाहीत. सोमवारी पोरांनी येऊन पुन्हा वाचावं म्हणून मुद्दाम ठेवायच्या. आणि रविवारी, हॉलला रंग लावायचं काम चालू असल्यामुळे, संस्थेचा व्यसनमुक्ती मेळावा त्याच वर्गात भरला.

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. बोर्डीकडची मोठी चिकूची वाडी, गुजरातच्या व्यापाऱ्यांशी रोजचा संबंध, त्यामुळे बायकांना सरसकट 'बेन' म्हणायचे. माणूस कामाचा होता, पण त्यांना स्वतःचं हसं झालेलं खपत नसे. ते भाषणाला उभे राहिले. डोक्यावर कापडी फलक, त्यावर 'व्यसन सोडा'. फलकाच्या खाली, बरोबर त्यांच्या खांद्यामागे, बाईंचा फळा. समोर आजूबाजूच्या पाड्यांवरची मंडळी. भाऊसाहेब म्हणाले, "आज इथे शपथ घ्यायची. दारू सोडायची. कशी सोडायची?" आणि समोरचा एक म्हातारा फळ्याकडे बघत, एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचू लागला, "थोडं थोडं, वारंवार सोडा." मग भाऊसाहेबांकडे वळून अगदी मनापासून म्हणाला, "मी तसाच करतंय, सायेब. दर सोमवारी सोडतंय."

मेळावा तिथेच संपला म्हणायचा. लोक इतके हसले की पाहुणेही हसले. माड, मडकं, फळा आणि पुढे हात उंचावलेले भाऊसाहेब, हा फोटो संध्याकाळपर्यंत तलासरीपासून डहाणूपर्यंत प्रत्येक मोबाइलवर होता. मलाच तो सात जणांनी पाठवला.

सोमवारी बाईंना बोलावणं आलं. "राऊतबेन, हे तुमचं लिखाण?" भाऊसाहेबांनी मोबाइल पुढे केला. "उत्तेजक द्रव्य! मुलींपुढे, भर वर्गात! वर माडीचं मडकं!"

बाई म्हणाल्या, "अक्षर माझंच आहे. माड जरा वाकडा आलाय."

हुकूम निघाला की बाईंनी लेखी माफी मागावी आणि 'उत्तेजक' हा शब्द पुन्हा वर्गात उच्चारू नये. नाहीतर तास बंद. बाई तासिका तत्त्वावर होत्या, त्यांना काढायला एक कागद पुरला असता. पण बारावीच्या जीवशास्त्राला दुसरं कुणी नव्हतं. बाई गेल्या तर सुनंदाचा पूर्ण वर्ग परीक्षेच्या तोंडावर वाऱ्यावर. हे सगळ्यांना कळत होतं, बाईंना सर्वांत जास्त. मी त्यांना एसटीत म्हटलं, "लिहून द्या ना दोन ओळी. पोरांसाठी."

"पोरांसाठीच नाही देत," त्या म्हणाल्या. "उद्या त्यांनी पेपरात काय लिहायचं? संस्थेच्या परवानगीनं सुटणारं द्रव्य?" बोलता बोलता त्यांनी खिडकीच्या गजावर टकटक केलं. पुढच्या बाकावरची कोळीण मागे वळून बघू लागली. बाई तिला म्हणाल्या, "तुम्हाला नाही हो मावशी, ह्यांना."

बाईंनी माफी मागितली नाही, चौकशी मागितली. भाऊसाहेबांना चौकशी हा शब्द आवडायचा, त्यात खुर्च्या असतात. त्यांनी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सदस्य प्राचार्य, आणि शब्द वाईट आहे की नाही हे ठरवायला भाषातज्ज्ञ म्हणून मी. पहिल्याच बैठकीत भाऊसाहेबांनी औदार्यानं जाहीर केलं, "चौकशी पुरी होईस्तोवर राऊतबेनचे तास चालू राहतील. आपण काय अन्याय करणारी माणसं नाय." बाईंनी मान खाली घालून वही उघडली. तेव्हा मला वाटलं, नरमल्या.

दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर बैठक. मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की उत्तेजक म्हणजे जागं करणारं, चेतवणारं. स्पर्धेतल्या मुलाला देतात ते उत्तेजनार्थ बक्षीस, त्यात दारू नसते. आणि 'सोडा' ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात, टाकून द्या आणि मोकळं करा, हा दोष भाषेचा आहे, बाईंचा नाही. माझ्या मते इथं चौकशी संपली होती. बाईंना ती संपू द्यायची नव्हती.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला त्या विचारायच्या, "मागच्या शनिवारी आपण काय ठरवलं?" कुणालाच आठवत नसे. भाऊसाहेब प्राचार्यांकडे बघायचे, प्राचार्य माझ्याकडे. मग मागचं सगळं पहिल्यापासून. त्यात अर्धा वेळ जायचा. कधी त्या म्हणायच्या की आधी 'द्रव्य' शब्दाचा निर्णय करा. कधी फोटोतला माड आहे की ताड, ह्यावर भाऊसाहेबांसारख्या वाडीवाल्याचं मत मागायच्या, आणि भाऊसाहेब झाडांवर सुरू झाले की घंटाभर थांबायचे नाहीत. मग बाई टेबलावर टकटक करायच्या. लगेच आमचा शिपाई लहानूमामा चहा घेऊन यायचा. भाऊसाहेब बोलता बोलता उजवीकडे हात नेऊन कप उचलायचे. प्राचार्य कपाला जागा म्हणून कागद सरकवायचे. मी चष्मा काढून ठेवायचो, कारण वाफेनं माझ्या काचा धुरकटतात. टकटक ही बाईंची खोडच, तिच्याकडे कोण लक्ष देणार?

दिवाळी गेली, नाताळ गेला, संक्रांतीचे तिळगूळसुद्धा आम्ही त्याच टेबलावर खाल्ले. इकडे आठवडाभर बाईंचे तास चालूच. एकदा येताना मी म्हटलं, "बाई, ही चौकशी फार लांबली." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उत्सर्जन संस्था राहिलीय अजून. आणि थोडं वनस्पतींचं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शेवटची बैठक प्रात्यक्षिक परीक्षा झाल्यावरची. भाऊसाहेब आता खरोखर कंटाळले होते. ते म्हणाले, "राऊतबेन, आज निकाल. शब्द मागे घेता की नाय? तुमचं ते द्रव्यबिव्य कुणी पाह्यलंय? आमच्या डोक्यात काय ते सुटत नाय."

बाईंनी टेबलावर टकटक केलं.

भाऊसाहेबांचा हात फायलीवरून उठला, उजवीकडे गेला, आणि कपाचा कान धरायला बोटं वाकली. प्राचार्यांनी कागद सरकवले. मी चष्मा काढून हातात घेतला.

कप नव्हता. दारात कुणी नव्हतं. भाऊसाहेबांचा हात टेबलावर तसाच राहिला, बोटं वाकलेली.

"चहा आलेला नाही, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "आज मी सांगितलाच नाही. लहानूमामा गेटवर आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पहिल्या शनिवारी मी ह्या टेबलावर वाजवलं तेव्हा तुमच्यापैकी कुणी मानसुद्धा वळवली नव्हती. आज ठोका तेवढाच आहे. मधे काय बदललं? टेबल? दिवाळीपासून मी तुमच्या डोक्यात थोडं थोडं, वारंवार सोडत आलेय, आणि आतून चहाची तलफ जागी होतीच. तुम्हा तिघांचं डोकं बदललं. शिकलेल्यांचं बदलतं, पाड्यावरच्यांचं बदलतं. कुणाच्या डोक्यात शिरत नाही हे मना परत कुणी सांगू नका. आणि आता सांगा, ह्यातला कुठला शब्द खोडू?"

भाऊसाहेबांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली ठेवला, शाळेत मारकुट्या मास्तरापुढे ठेवतात तसा. मला हसू आवरेना. प्राचार्य मात्र हसले नाहीत. ते सरकवलेल्या कागदांकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "खरंय हो, बाई." मॅडम नव्हे. त्यांच्या तोंडून 'बाई' मी पहिल्यांदाच ऐकलं.

निकाल अर्थात ठरलेला होता. सोमवारपासून तास बंद. बाई उठल्या, पर्स खांद्याला लावली. "चालेल. पोर्शन काल संपला." गेटवरून आलेला लहानूमामा दाराशी उभा होता, त्यानं निकाल ऐकला होता. तो म्हणाला, "बाय, चा आनू का आता?" बाई म्हणाल्या, "आण. ह्यांना दे. नाहीतर दुखेल त्यांचं डोकं."

मला त्या दिवशी फार राग आला होता, आणि अजून येतो. एवढ्या मोठ्या संस्थेत एका शब्दाला जागा नसावी, आणि तो शब्द समजावून सांगणाऱ्या बाईला तर नाहीच नाही. पण बाईंबरोबर राग फार वेळ धरता यायचा नाही. परतीच्या एसटीत त्यांनी मला विचारलं, "अहो मराठी, मागच्या शनिवारी आपण काय ठरवलं होतं?" आणि मग आम्ही दोघंही चारोटी नाका येईपर्यंत हसत होतो. शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे जाऊन बसला.

नंतर त्या डहाणूलाच घरच्या ओट्यावर मुलांना शिकवायच्या. सुनंदा पास झाली. बोर्डात आली वगैरे काही नाही, चांगली पास झाली आणि नर्सिंगला गेली. जीवशास्त्राची जागा पुढे दीड वर्ष रिकामी राहिली. प्राचार्यांनी 'शिरत नाही' हे वाक्य मात्र बंद केलं. जिभेवर आलं की ते टेबलावरचे कागद सरकवायचे.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते दोन हजार एकोणीसच्या स्नेहसंमेलनात. माजी विद्यार्थिनी म्हणून सुनंदाला मंचावर बोलावलं होतं. बोलावणं तिला एकटीला होतं, पण ती बाईंना हाताला धरून घेऊन आली, आणि गेटवरच्या स्वयंसेवकाला म्हणाली, "ह्या नाय आत, त मीपन नाय." बाई शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसल्या. वाळल्या होत्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. पण त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, निदान मला तरी. मी मंचाच्या कडेला सूत्रसंचालनाला होतो. भाऊसाहेब मधल्या खुर्चीत, हार गळ्यात, पुढच्या टेबलावर पुष्पगुच्छ आणि दुसरं काही नाही.

माईक चालू आहे का हे बघायला माईकवाल्यानं त्याच्यावर बोटानं वाजवलं. टक, टक.

भाऊसाहेबांचा उजवा हात मांडीवरून उठला. पुष्पगुच्छाच्या शेजारी गेला. बोटं वाकली, आणि तिथं काही नाही हे कळल्यावर त्यांनी उगाच टेबलक्लॉथची घडी सारखी केली. मग त्यांनी मान वर केली आणि सभागृहात इकडेतिकडे बघू लागले, कुणाला तरी शोधत असल्यासारखे. त्या शेवटच्या बैठकीला दोन वर्षं झाली होती. मी ताबडतोब मागच्या रांगेकडे बघितलं, बाईंनी हे पाहिलं का ते बघायला. पाहिलंच असणार. भिंतीजवळ कुणीतरी उभं राहिलं होतं आणि एक हात वर करून हवेतच दोनदा वाजवत होतं.

त्या बाईच होत्या. चेहरा मात्र मला दिसला नाही. टकटक झाल्याबरोबर मी चष्मा काढून हातात घेतला होता.